सिग्नल आला की मान टाकणारी गाडी

१४ जून २०२४, शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. मुंबईत, गांधीनगर जंक्शनला दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू सिग्नलकडे सरकत होते. क्लच दाबला आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एरवी साडेसातशेवर थांबतो, तो न थांबता तसाच खाली गेला. इंजिनाचा आवाज गेला, पंख्याचा वारा तेवढा राहिला, डॅशबोर्डवर बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन लाल दिवे लागले. चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. मागच्या बसवाल्याने हॉर्न मारला तो मारलाच. मला वाटलं, क्लच सोडताना माझंच काहीतरी चुकलं. पवई तलाव येईपर्यंत ती आणखी दोनदा मेली, तेव्हा कळलं की दोष माझ्या पायाचा नाही.

गाडी बाबांची. निवृत्तीच्या पैशातून २००९ च्या दसऱ्याला घेतलेली, लहान, पेट्रोलवर चालणारी, बंद पडू लागली तेव्हा ९४ हजार किलोमीटर झालेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची नोंदणी २५ सप्टेंबर २००९ ची, म्हणजे २४ सप्टेंबर २०२४ ला संपणार. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यायची, आणि दर सिग्नलला मान टाकणारी गाडी तपासणीला कशी न्यायची? हातात शंभरेक दिवस होते. बाबा म्हणाले, "एवढ्यात घाबरतेस काय, कार्बन साचला असेल." बाबांच्या मते पोटदुखीपासून गाडीपर्यंत सगळं काहीतरी साचल्यामुळेच होतं. गंमत म्हणजे ते थोडेसे बरोबर होते.

शनिवारी, २२ जूनला, मुलुंडला आमच्या सोसायटीजवळच्याच गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निकाल सांगितला, "प्लग गेलेत ताई." चार प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी काढून स्प्रे मारून साफ केली. पुसलेलं फडकं मला दाखवलं, काजळासारखं काळंकुट्ट. बिल १,९५० रुपये. गाडी घड्याळासारखी चालू लागली आणि मी ऑफिसात दोघांना "थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या" असा सल्लाही देऊन टाकला.

नऊ दिवस. १ जुलैला भांडुपच्या सिग्नलला पुन्हा तेच.

त्या नऊ दिवसांचा अर्थ मला पुढे दीड महिन्याने लागला. थ्रॉटल बॉडी काढताना त्याने तिच्यावरचे सगळे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, काढून परत बसवले होते. आजार त्यातल्याच एका वायरीत होता. वायर हलली, तात्पुरती टेकली, गाडी बरी झाली, आणि श्रेय मिळालं प्लगना.

८ जुलैचा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. मध्यरात्री एक ते सकाळी सात या वेळात काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, लोकल ठप्प. आमच्या आवारात पाणी रिमपर्यंत आलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी काढली तर मुलुंड ते पवई या एवढ्याशा अंतरात सात वेळा बंद. त्या रात्री मी एक शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, गिअर, एसी चालू की बंद, हेडलाइट, इंजिन गरम की थंड, आदल्या रात्री पाऊस होता का, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. नवरा म्हणाला, "पेशंटचा चार्ट लावलायस." लावला होताच. मात्र गाडी चालवताना काही लिहायचं नाही. मी फोनमध्ये बोलून ठेवायचे नि रात्री उतरवून काढायचे.

वहीचं पहिलं पान भरायच्या आतच मी दुसरीकडे गेले, हा माझा उतावीळपणा. १३ जुलैला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. काचेची खोली, कॉफीचं मशीन, टीव्हीवर गाणी. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, त्याचे ८०० रुपये. एकही फॉल्ट कोड, म्हणजे नोंदलेल्या बिघाडाचा नंबर, आला नाही. मग त्यांचा माणूस म्हणाला, "कोड नाही म्हणजे फ्यूल पंप वीक असू शकतो." 'असू शकतो' या दोन शब्दांवर मी थांबायला हवं होतं. पंपाचं प्रेशर गेज लावून मोजता येतं, आणि तसं मोजलं का एवढंच विचारायचं असतं. मी विचारलं नाही. पंप, फिल्टर, मजुरी मिळून ७,४०० रुपये आणि पाच दिवस. १८ तारखेला संध्याकाळी गाडी घेतली आणि वर्कशॉपच्या फाटकातच, रिक्षाला वाट द्यायला थांबले, तर बंद. त्यांचाच वॉचमन ढकलायला आला.

"आता ईसीयू बघावा लागेल मॅडम. बावीस हजारांपर्यंत जाईल." ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर.

तिथून मात्र मी दोन चांगल्या गोष्टी घेऊन निघाले. एक म्हणजे काढलेला जुना पंप मागून घेतला. जुना पार्ट नेहमी मागून घ्यावा, पैसे आपण दिलेले असतात. आणि दुसरी, स्कॅनर लावलेला असताना त्याच्या पडद्याचे तीन-चार फोटो मी काढून ठेवले होते. त्यातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

मधल्या काळात प्रत्येकाने आपापलं निदान केलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, त्याचाच हा प्रताप." इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, हे खरं आहे. म्हणून मी नेहमीचा पेट्रोल पंप सोडून दुसरीकडे पेट्रोल भरलं, दोनदा. वहीत काडीचा फरक नाही. मेव्हण्याने सांगितलं, ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मागव, सातशे रुपयांत काम होतं. मागवला. गाडीला जोडलाच जाईना. नंतर समजलं की ओबीडी, म्हणजे गाडीने आपले बिघाड स्वतः सांगायची सोय, आपल्याकडे आलं बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांबरोबर, एप्रिल २०१० पासून, आणि ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ मध्ये. मुंबईत बीएस-४ लागू झालं तेच १ एप्रिल २०१० ला. आमची २००९ ची, त्याच्या आधीच्या मानकाची, बीएस-३. तिला कंपनीच्या पद्धतीने बोलणारा स्कॅनरच लागतो. तुमची गाडी त्याआधीची असेल तर ते सातशे रुपये वाचवा.

२७ जुलैला पीयूसी काढायला गेले, कारण बीएस-३ गाडीची पीयूसी सहाच महिने चालते. सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि रीडिंग येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. पीयूसीवाला मुलगा हसायला लागला, मीही. चौथ्यांदा निघालं: कार्बन मोनॉक्साइड ०.२१ टक्के, हायड्रोकार्बन १४८. आमच्या गाडीची मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५०. सव्वाशे रुपयांत एक उत्तम तपासणी झाली होती, पण ते मला ठाऊक नव्हतं. मी नुसती पावती घडी करून डॅशबोर्डात टाकली.

२ ऑगस्टला मात्र भीती वाटली. आईला फिजिओथेरपीहून आणत होते, पाऊस धो धो, हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेची हीटिंग, सगळं चालू. उड्डाणपुलावरून उतरताना पाय रेसवरून काढला आणि उतारावरच इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग एकदम दगड झालं. ब्रेक पहिल्यांदा नेहमीसारखा लागला, दुसऱ्यांदा पेडल कडक. हे समजून घ्या, कारण अशा वेळी माणूस हबकतो. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन बंद झाल्यावर एकदोन वेळा दाबण्यापुरताच उरतो, नंतर ब्रेक लागतो पण पायाचा सगळा जोर द्यावा लागतो. म्हणून पेडल सारखं सोडून दाबायचं नाही, एकदाच दाबून धरायचं. मी हॅझर्ड लावून डावीकडे घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती लगेच सुरू झाली नाही, आणि स्टार्टर मारून मारून मीच बॅटरी उतरवली. टोइंगचे २,००० रुपये, कारण विमा नुसता थर्ड पार्टी, त्यात रस्त्यावरची मदत नाही. आई टो करणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला त्याच्या गावाची चौकशी करत होती. मी मागे रडकुंडीला. घरी आल्यावर बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "देऊन टाकूया का?"

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. "चाचा आहेत, बोलतात कमी. पण पार्ट विकत नाहीत." ते शेवटचं वाक्य मला पुरेसं होतं. १० ऑगस्टला, शनिवारी सकाळी सहाला, एसी बंद ठेवून, रस्ते मोकळे असताना नवऱ्याने गाडी नेली. दुकान नऊला उघडलं. आम्ही तीन तास चहा पीत बसलो.

चाचा साठीच्या पुढचे, खेडकडचे, मराठी कोकणी हेलाची. आल्या आल्या त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. आधी मला विचारायला लागले. नवऱ्याला नाही, मला, कारण गाडी मी चालवते हे पहिल्या मिनिटात विचारून घेतलं होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी मी बोलायचे आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं.

"चढावर ओढते?"

"ओढते."

"हायवेला ऐंशीवर झटके?"

"नाही."

"रेसवर जरा पाय ठेवला तर मरते?"

"तेव्हा कधीच नाही."

मी वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी ती पानं नीट वाचली, बोट ठेवून. एकतीस नोंदी होत्या. तिसऱ्या गिअरच्या वर एकही नाही. सत्तावीस वेळा एसी चालू. रात्री पाऊस झालेल्या सकाळी जास्त. मग पीयूसीची पावती मागितली, ती बघून मान हलवली. "पेट्रोल पोचतंय, करंट पोचतोय, धूर पण साफ हाय. पाय काढलात का तिला श्वास मिळत नाय."

मला समजलं ते असं. रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. तेव्हा इंजिनाला लागणारी थोडीशी हवा बाजूच्या एका बारीक वाटेने जाते आणि ती वाट कमीजास्त उघडायला आयडल व्हॉल्व्ह असतो. आत छोटी स्टेपर मोटर, म्हणजे एकेक स्टेप करत सरकणारी, तिला चार वायरी, दोन कॉइल. एसीचा कॉम्प्रेसर लागला किंवा दिव्यांचा भार आला की ईसीयू त्या मोटरला म्हणतो, आणखी उघड. कार्बनने ती वाट चोंदली तर गाडी मरते. बाबांचं साचणं ते हेच, आणि म्हणूनच बहुतेक जुन्या गाड्यांत थ्रॉटल बॉडी आणि हा व्हॉल्व्ह साफ केला की काम होतं. पहिल्या गॅरेजवाल्याने सुरुवात योग्य जागी केली होती, फक्त तिथेच थांबला.

स्कॅनरचे फोटो दाखवले तेव्हा चाचा पहिल्यांदा हसले. एका फोटोत इंजिन ४८० आरपीएमला आलेलं आणि व्हॉल्व्हच्या स्टेपचा आकडा पार वर चढलेला. "बघा, हुकूम सुटतोय, पण हात हलत नाय. आणि ईसीयूला हात हलला का नाय ते कळत नाय. कोड येणार कुठून?"

मग गाडी सुरू करून एसी लावला, हेडलाइट लावले. पाच मिनिटं चालू दिली. चाचांनी एका लाकडी पट्टीने वायरिंगचा जुडगा एकेका जागी हळूच ढकलायला सुरुवात केली. बॅटरीजवळ काही नाही. प्लगच्या कॉइलजवळ काही नाही. एअर फिल्टरच्या डब्याखाली पट्टी घातली आणि गाडी गपकन मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच ढकललं, पुन्हा मेली. दोन महिने आणि बारा-तेरा हजार रुपये ज्याच्यामागे घालवले ते असं बोटभर जागेत सापडलं.

एअर फिल्टरचा डबा काढला. खाली कापूस, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे, शेंगदाण्याची टरफलं आणि वाळक्या खोबऱ्याचा एक कपटा. उंदराने व्यवस्थित संसार मांडलेला. वायरींवरची काळी टेप कुरतडलेली, आणि चार वायरींपैकी एकीवर बारीक दातांच्या दोन ओळी, बाळाने बिस्किटाला लावावेत तशा. तिथलं आवरण गेलेलं. तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या, चाचांनी नखाने खरवडलं तर जेमतेम दोन तारा धरून होत्या. कोरड्या दिवशी त्या दोन तारांवर काम भागायचं. दमट हवेत, हादऱ्यात, सुटायच्या. एक कॉइल मेली की स्टेपर मोटर पुढे सरकत नाही, जागच्या जागी थरथरते.

नवीन व्हॉल्व्ह घ्यायचा का, मी विचारलं, कारण ३,४०० रुपयांचा भाव मी आधीच काढून ठेवला होता. चाचांनी मल्टिमीटर लावून दोन्ही कॉइल मोजल्या, दोघींचा रेझिस्टन्स सारखा. "जिवंत हाय तो. कशाला बदलता?" हिरवा भाग कापून नवा तुकडा जोडला, पिळून टेप न मारता सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. कपलरची एक पिनही हिरवी होती, म्हणून शेजारच्या गल्लीतून जुन्या बाजारातला कपलर आणला, १५० रुपये. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली, मग एसी बंद ठेवून दहा मिनिटं आणि एसी लावून दहा मिनिटं गाडी नुसती उभ्या उभ्या चालू ठेवली, ईसीयूने आयडलिंग, म्हणजे रेस न देता चालू राहणं, नव्याने शिकावं म्हणून. सगळे मिळून ९०० रुपये. मी हजार दिले, त्यांनी शंभर परत केले.

पंधरा दिवस मी वही चालूच ठेवली, कारण एकदा नऊ दिवसांनी फसले होते. रोज फक्त तारीख, पाऊस आणि एक शून्य.

गणपती ७ सप्टेंबरला होते, त्यानंतर आरटीओत गर्दी असेल म्हणून २ तारखेलाच परिवहनच्या पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाकला, फॉर्म २५. हा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, आणि मुदत उलटली तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड. तेव्हा फी ५,०००, स्मार्ट कार्डाचे २००, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पार्किंगची दोन जुनी ई-चलनं थकली होती, मला पत्ताच नव्हता. ती आधी भरून टाका, अर्ज तिथे अडतो. मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन बाबांच्या नावाचं, आणि मी गाडी नेणार म्हणून त्यांचं सहीचं पत्र.

११ सप्टेंबरला वडाळ्याच्या आरटीओत गेले. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, तो घ्यायच्या आधी नंबरावरचा गंज आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने घरीच पुसून नेलं होतं, तेवढ्याने वेळ वाचला. मग तपासणीची रांग. पुढे अठरा गाड्या. एक गाडी पुढे सरकली की आपण एक गाडी सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. पहिला गिअर, हाफ क्लच, न्यूट्रल. ऊन पडलेलं, एसी चालू. पन्नास मिनिटं. मी काट्याकडे बघत होते, तो साडेसातशेवर यायचा, एसीचा कॉम्प्रेसर लागला की क्षणभर चाचपडायचा आणि साडेआठशेवर जाऊन बसायचा. माझा उजवा पाय मात्र सगळा वेळ रेसवर अधांतरी होता, सवयीने. पोटरीत गोळा आला.

तपासणीला पाच मिनिटं लागली. दिवे, हॉर्न, वायपर, टायर, ब्रेक. एक ब्रेकलाइट गेला होता, गेटबाहेरून ४० रुपयांचा बल्ब आणून तिथेच बसवला.

आरसीचं कार्ड ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टाने आलं. आणखी पाच वर्षं. एअर फिल्टरच्या डब्याखाली मी तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधली आहे, चाचांनी सांगितल्याप्रमाणे. पावसाळ्यात तिचा वास उडतो, म्हणून दर महिन्याला बदलते. बाबा म्हणतात, वाण्याला वाटत असेल या घरात कुणीतरी जोरात तंबाखू खातंय.